वारा पडेपर्यंत

९ जुलै, बुध.
वारा कालसारखाच. वर सड्याच्या माळावरच्या तिन्ही पवनचक्क्या गरगरतायत. एवढी वीज लाईनवर कोणी घेत नाही, म्हणून तिच्यावर पंप लावून खालच्या तळ्याचं पाणी माझ्या जुन्या चिरेखाणीत चढवतात. वारा पडला की तेच पाणी नळातून खाली सोडायचं, त्यावर वीज करायची. मला समजायला एक दिवस लागला. सरपंचाला अजून नाही समजलं, पण भाषण त्याचंच.
खाण भरली. तीस वर्षं चिरे काढले तिथे. आता लोक फोटो काढायला येतात.

११ जुलै, शुक्र.
वहिनीकडे गेलो. थोरला गेल्यापासून एकटीच असते. घर खाणीच्या बरोबर खाली, उतारावर. परसातल्या झऱ्याला दुप्पट पाणी आलंय म्हणून खूश. "भावजी, हंडा लावला की भरला."
पाऊस आहे, पाणी वाढणारच.
पण चार दिवस पाऊस कुठाय.

१४ जुलै, सोम.
झरा लालसर. काचेच्या पेल्यात भरून वहिनीच्या खिडकीत ठेवला. तासाभराने तळाशी गाळ. नखाएवढा.
"हे काय आणि नवीन?"
"असू दे. हात लावू नको."
झरा गढूळ झाला म्हणजे वरची माती आतून वाहतेय, मग एक दिवस उतारच खाली बसतो. खाणीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

१५ जुलै
काल लिहायचं टाळलं. लिहितो.
खाणीच्या उत्तर कोपऱ्यात बीळ होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं. जांभ्यात असतात तसली. मीच चिऱ्याचे तुकडे नि चिकणमाती कोंबून बुजवलं. मग पावसाचं पाणी चैत्रापर्यंत राहायला लागलं. तेव्हा पाणी कमरेएवढं. या कंपनीवाल्यांनी भिंत घालून तीन पुरुष खोल केलं.
कंपनीच्या इंजिनियर मॅडम विचारायला आल्या होत्या, खाण पाणी धरते का, की तळाला प्लास्टिक घालू? मी म्हटलं, धरते, माझी खाण आहे, कशाला ती नाटकं. त्यांच्या वरच्यांना तेच हवं होतं.
विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. चार माणसांत आपली खाण गळकी कशाला म्हणायची, एवढंच.

१७ जुलै, गुरु.
मॅडमना सांगितलं. पोरगी सांगलीकडची, कामाची आहे. तोंड पांढरं झालं. "काका, आधी का नाही सांगितलंत?"
मी खाणीकडे बोट दाखवलं.
"आता पाणी सोडा."
"चावी इथं नाही हो. पुण्यातून कॉम्प्युटरवर सुटतं. लाईनवर वीज जास्त आहे तोवर सोडत नाहीत. वारा पडला की आपोआप सुटेल."
"आणि नाही पडला तर?"
पंप तेवढा बंद करून घेतला तिने. बाकी सगळं लिहून घेतलं. लिहून गळती थांबते काय.
संध्याकाळी पाऊस. पंप बंद असून पाणी तेवढंच.

२० जुलै, रवि.
वहिनीला म्हटलं, आमच्याकडे चल आठ दिवस.
"तुमचं तोंड बघत बसायला? आणि गाय कोण बघणार, तुमची ती मॅडम?"
मुंबईला पुतण्याला फोन लावला. तो हसला. "तात्या, तुम्ही कधीपासून घाबरायला लागलात?"
दुकानावर विषय काढला. धोंडू म्हणतो, "यंदा एकदा तरी लाईट गेली काय? मग गप बसा की." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्याचं खोटं नाही. पावसाळ्यात लाईट न जाणारी आमची पहिलीच वाडी.

२४ जुलै, अमावास्या
आज भरलेल्या पेल्यात गाळ बोटभर.
गुहागरला तहसील कचेरीत जाऊन आलो. एस.टी.त उभा. साहेब मीटिंगला. क्लार्कने विचारलं, "घराला तडा गेलाय?"
"नाही."
"मग तडा गेला की फोटो घेऊन या."
जेवायला बोलावल्यासारखं म्हणाला.

२९ जुलै, नागपंचमी
आज माती खणत नाहीत. तरी पहार घेऊन वर गेलो. म्हटलं भिंतीचा कोपरा फोडू, काय व्हायचं ते होऊ दे.
उभा राहून बघितलं. पाण्याला वाट एकच, तीही वहिनीच्या घरावरून. दुसऱ्या अंगाला चर मारायचा तर दहा माणसं नि पंधरा दिवस. मला पहार धड उचलत नाही.
परत आलो. खाली वहिनी नाग पुजत होती. "पहार कशाला हो आजच्या दिवशी?" म्हटलं, धार लावायला नेली होती. तिला पटलं नाही. हळदीच्या पानातले गोड पातोळे दिले.

२ ऑगस्ट, शनि.
वारा. मॅडमचा फोन दिवसातून तीनदा. "काका, पेला?" मी सांगतो दीड बोट, पावणेदोन. ती म्हणते, कळवलंय. वरून उत्तर आलं, पाहणीला माणसं येतील, तारीख कळवू.
तिला रागवायचं ठरवलं होतं. आवाजावरून वाटलं, ती जेवलेली नाही.
जन्मात वाऱ्याला थांब म्हटलं नव्हतं. आता सकाळी उठून पहिलं माडाचं टोक बघतो.

५ ऑगस्ट, मंगळ.
वहिनीचं मागचं दार घट्ट बसतंय. पावसाने लाकूड फुगतं, म्हणाली. फुगतं खरं.
पण दार शिसवी आहे. कधी फुगलं नव्हतं. चौकटच हलली असणार.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
आजपासून वारा पडतो म्हणतात.
सकाळी नऊला पाती थांबली. मी वरच होतो. नळात घरघर झाली, पाणी सुटलं. मॅडम लहान पोरीसारखी ओरडली, "सुटलं, काका!" भिंतीच्या चिऱ्याचा एक थर उघडा पडला, ओला, लाल. बाहेरच्या अंगाने थर मोजले, अजून एकवीस खाली आहेत. अर्धा तास झाला नि पाती परत फिरली. नळ बंद.
मॅडम तिथेच चिऱ्यावर बसली. मी खाली उतरलो.
वहिनीचं अंथरूण मागच्या खोलीतून पुढच्या पडवीत आलेलं. खिडकीतला पेला आज तिनेच भरून ठेवला होता. वर बशी झाकलेली.
हात लावायला गेलो तर म्हणाली, "आधी चहा घ्या."
घेतला. पडवीत बसून दोघांनी घेतला. वर पाती ऐकू येत होती.