चौदा नंबरची नळी

८ जानेवारी २००७

आज पासलीत अकरा म्हाताऱ्यांचं रक्त घेतलं. भोरहून गेलेली एस.टी. परत फिरायच्या आत! पुण्याच्या शेफाली मॅडमना विसरण्याच्या आजाराची खूण रक्तात सापडते का, ते बघायचंय. मेंदू झिजायला लागला की रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बदलतात, असा त्यांचा अंदाज. मी आपली सुई टोचणारी आणि प्रश्न विचारणारी. तीन शब्द सांगायचे, मधे वजाबाकी करायला लावायची, मग ते शब्द परत विचारायचे.

सगुणाबाईंना एकही आठवला नाही. नवरा कोंडिबा लगेच मधे पडले — "घागर, चिंच, बैल. ल्ह्या की बाई. तिला समदं येतं, आज दमलीय." मी फटकारलंच. तुम्ही सांगून दिलंत तर आजार कळणार कसा? म्हातारा ओट्यावर जाऊन बसला. गाडीत मलाच वाईट वाटत राहिलं.

११ जानेवारी

नळ्या बर्फात ठेवायच्या नाहीत, पेशी मरतात. दुपारच्या आत पुण्यात पोचवायच्या. आणि आज नेमकी गाडी चुकली. नुसती कटकट!

१९ जानेवारी

तुलनेसाठी तेवढ्याच वयाची ठणठणीत माणसं हवीत, ती मिळता मिळेनात. अब्बाच म्हणाले, माझं घे की. सत्तरी गाठली तरी डेपोतल्या जुन्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ! प्रश्नांना तीसपैकी एकोणतीस. हे काम शिकताना महिनाभर त्यांच्यावरच तर सराव केला होता मी. नळी नंबर चौदा — निरोगी. काय मिरवले अब्बा दिवसभर!

२ मार्च

मॅडमचा फोन. निरोग्यांतली चौदा नंबरची नळी आजाऱ्यांसारखी दिसतेय. त्यांना फक्त नंबर माहीत असतो, नाव नाही.

"एका नळीवरून काहीच ठरत नाही, नुजहत. साध्या तापानंही पेशी बदलतात. पण त्या आजोबांना प्रश्न नीट विचारले होतेस ना?"

हो म्हणाले मी. फोन ठेवल्यावर वही उघडून परत बघितलं. चौदा म्हणजे अब्बाच.

५ मार्च

अब्बा मशिदीतून तासभर उशिरा आले. रस्ता खोदलाय म्हणे, वळसा पडला. भाजी आणायच्या निमित्तानं जाऊन बघितलं. रस्ता कुठंच खोदलेला नाही.

म्हणजे काय केलं मी? महिनाभर रोज चहाबरोबर तेच प्रश्न, तेच तीन शब्द. चुकले की मीच सांगायचे, परत म्हणून घ्यायचे. पाठच करून घेतलं की त्यांच्याकडून! आणि त्या कोंडिबांना कुठल्या तोंडानं बोलले? त्यांनी निदान माझ्यासमोर तरी सांगितलं. लाज वाटते. त्याहून जास्त भीती वाटते.

मॅडमनी दिलेला दुसरा कागद आहे माझ्याकडे, शब्द बदललेला. हात लावायला धजत नाही.

६ मार्च

चहाआधीच विचारलं. विळा, फणस, दोरी. त्यांनी तिन्ही माझ्यामागून नीट म्हटले. वजाबाकी केली. मग म्हटलं, अब्बा, आता ते तीन शब्द सांगा.

हसले. जराही अडखळले नाहीत.

"घागर, चिंच, बैल. बरोबर ना, नुजू?"

बरोबर, म्हणाले मी. कागदावर शून्य लिहिलं.