सातव्या छापातली अश्लेषा

माधव नगर, उज्जैन
रविवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. सौ. आशूस (तू माझ्याहून सतरा दिवसांनी लहान आहेस, तेवढा मोठेपणा मी घेणारच),

तुला नमस्कार, तुझ्या ह्यांना नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. तो आता जिने चढू देतो का? आम्ही इथे मजेत आहोत. प्रसाद (म्हणजे माझा नवरा, लग्नात आहेराच्या पाकिटावर तू त्याचं नाव प्रमोद लिहिलं होतंस, म्हणून खुलासा) बँकेत जातो, येतो, आणि शाईने काळी झालेली माझी नखं बघून आपला चहा आपणच करून घेतो.

मागच्या वर्षी मी तुला कळवलं की शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून मी एम. एफ. ए.ला, प्रिंटमेकिंगला, ॲडमिशन घेतली. त्यावर तू मोबाइलवर एक पिवळा अंगठा पाठवलास. आशू, पंचवीस वर्षांपूर्वी हेच फॉर्म आपण दोघींनी टावर चौकातून झेरॉक्स करून आणले होते. तुझं लग्न ठरलं, तू देवासला गेलीस, आणि एकटीने काय जायचं म्हणून मी माझा फॉर्म कपाटात अंथरलेल्या पेपराखाली ठेवून दिला. त्या सगळ्यावर अंगठा! म्हणून हे पत्र. पत्राला अंगठा देता येत नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर आत एकटाच बसलेला मुलगा उठून उभा राहिला आणि माझ्या पाया पडला. मीही सवयीने "खुश रहो बेटा" म्हटलं. मग त्याच्याच शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हा सुमीत. आमच्या वर्गाची एकूण संख्या दोन, त्यातला निम्मा वर्ग तो. आमच्या सरांचं नाव भय्यासाहेब. (नावावरून मिशा डोळ्यापुढे येतात ना? वय छत्तीस. मी त्यांना 'सर' म्हणते, ते मला 'ताई' म्हणतात, आणि चुकलं की दोघंही सुमीतला रागावतो.)

आता मुख्य हकीकत. वार्षिक परीक्षेला एकाच पत्र्यावरून सात छाप काढायचे होते, सातही हुबेहूब एकसारखे. पद्धत सोपी वाटते: ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढायचं, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि यंत्राच्या चाकाखालून दाबून काढायचा. मी विषय घेतला टावर चौक. बाकावर दोन मुली, हातात कचोरीचा दोना, टेम्पोची वाट बघताहेत. डावीकडची मी, उजवीकडची तू. (छापात सगळं उलटं येतं हे मी वर्षभर शिकूनही विसरले, त्यामुळे कागदावर तू डावीकडे आलीस. शिवाय टावरवरच्या घड्याळाचे काटे उलटे झाले. ते जाऊ दे.)

गडबड वेगळीच झाली. स्वतःला काढताना मी सुई बिनधास्त दाबली. तुला काढताना मात्र हात हलका पडला. चार वर्षांत तुला बघितलेलं नाही, नाक असंच होतं की नाही असं वाटायला लागलं. आणि हलकी रेघ या यंत्राखाली टिकत नाही, दर दाबाला झिजते. पहिल्या छापात तू छान हसत होतीस. तिसऱ्यात हसू गेलं. पाचव्यात डोळे गेले. सातव्या छापात बाकावर मी एकटीच कचोरी खात होते आणि शेजारी फक्त एक वेणी होती.

बाहेरचे परीक्षक आले. ओळीने लावलेले सात छाप त्यांनी बघितले, मग पुन्हा पहिल्यापासून बघितले. त्यांनी चष्मा काढला. "ये धीरे-धीरे जाना... ये आपने सोचकर किया?" मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर भय्यासाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मग परीक्षकांनी विचारलं, "ये दूसरी लड़की कौन है?"

मी म्हटलं, "सर, एब्सेंट है."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. मला वर्गात पहिला नंबर मिळाला (दोघांत), आणि घरी येऊन पोळ्या करताना मी इतकी रडले की प्रसादला वाटलं, नापास झाले.

देवास ते उज्जैन बसने तास-सव्वा तास लागतो. ऑस्ट्रेलियातली माझी नणंद मला तुझ्यापेक्षा जास्त वेळा भेटते. आधी तुझ्या सासूबाईंचं आजारपण होतं, तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. परवा फोनवर तू म्हणालीस की दिवसभर करायचं काय कळत नाही, आणि लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवलास. दुपारी तीनला कसला गं कुकर? पण असो. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले आहे. तू सुखी आहेस, मीही आहे, आणि मला तुझ्याकडून काहीही नको आहे.

तुझीच,
अहल्या

ता. क. पहिल्या वर्षाला दोन जागा रिकाम्या आहेत. वयाची अट नाही. ऑफिसात मी आपलं सहज विचारलं.

आणखी एक. तुझा फॉर्म मी भरला आहे. मार्कलिस्टच्या नकला तुझ्या भावाकडून, अरविंदकडून, आणल्या. (तो म्हणाला, "ले जाओ, मगर उसको बोलना मत कि मैंने दी।" म्हणून सांगत नाही.)

शेवटचं. तुझा एकटीचा फोटो माझ्याकडे निघालाच नाही. कॉलेजच्या ट्रिपमधला आपला दोघींचा होता, त्यातून तुला कापून लावलं. क्लार्क म्हणाला, "मैडम, फोटो बहुत पुराना है, और कंधे पर ये हाथ किसका है?" मी म्हटलं, माझा. म्हणाला, काट दो. मी कात्री घेऊन बराच वेळ बसले, पण हाताबरोबर तुझा खांदाही जात होता. तसाच चिकटवला आहे. तीस तारीख शेवटची. सही करायला मात्र तुलाच यावं लागेल.