आईच्या गाण्याला कंपनीची परवानगी

बाबा,

तुमचा जुना म्युझिक प्लेअर मी नेलाय, शोधत बसू नका. आईचं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायला गेले, तर म्हणतो, 'कॉपी करायची परवानगी नाही!' गाणं आईचं, रेकॉर्डिंग तुमचं, तेही आपल्याच स्वयंपाकघरात, मागे नळ वाहतोय. आणि परवानगी देणारी ही प्लेअरची कंपनी कोण टिकोजीराव? तीही कधीच बंद पडलीय!

आणि तुम्ही! 'प्लेअरमधलं सगळं पुसू का?' असं कॉम्प्युटरने विचारलं, तरी न वाचता 'हो' दाबायला निघता. काल मी वायर उपटली म्हणून गाणं वाचलं.

मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ते वाजवून दुसरीकडे रेकॉर्ड करून आणते.

आईने पाटीवर 'प्लेअर कुठे?' लिहिलं, तर चार्जिंगला लावलाय म्हणा. ऑपरेशननंतर तिचा आवाज तेवढ्यातच उरलाय.

धाकटी