मालतीवरचा ठपका

॥ श्री ॥

मृत्युपत्र लिहून ठेवणार: द्वारकाबाई भ्रतार कै. हरी रामचंद्र दिघे, वय सुमारे ५३, धंदा घरकाम (दुसराही एक होता, तो पुढे येईल), राहणार कर्जत, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा.

कारणे लिहून ठेवते की, मला छातीत कळा येतात, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली आहे, तेव्हा जे सांगायचे ते हातपाय हलताहेत तोवर सांगावे. डोळे अधू झाले आहेत म्हणून अक्षर मोठे आले आहे. डोके शाबूत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही की भरीस घातलेले नाही. उलट शेजारचे अण्णा फडणीस वकील, ज्यांनी हा मसुदा तपासला, ते दोन दिवस माझ्या विनवण्या करताहेत, "वहिनी, मृत्युपत्रात घरदार लिहायचं असतं हो, एवढं सगळं नव्हे." त्यांचे बरोबर असेल. पण कागद माझा आहे. पहिली दोन कलमे त्यांच्या समाधानासाठी लिहिते. बाकीची माझी मुलगी मालती हिच्यासाठी आहेत. तिच्यावर तेरा वर्षे एक खोटा ठपका आहे आणि तो मी, तिच्या सख्ख्या आईने, ठेवला आहे. तो उतरावा म्हणून हा सगळा खटाटोप. वाटणी हे निमित्त.

कलम १. कर्जतच्या बाजारपेठेमागचे राहते घर, मागच्या पडवीसह व विहिरीच्या निम्म्या हक्कासह, माझा मुलगा मोरेश्वर ऊर्फ मोरू, नोकरी भिवपुरी पॉवर हाउस, याला द्यावे. कौले दर दोन वर्षांनी चाळून घ्यावीत. मोरूला सांगितल्याशिवाय सुचत नाही, म्हणून लिहिले.

कलम २. पोशीर येथील भाताचे शेत मोरू व मालती यांना निम्मे निम्मे. माझे स्त्रीधन, म्हणजे पाटल्या, गोठ, नथ व मोहनमाळ, सगळे मालतीचे. "मुलीला जमीन कशाला?" असे माझ्या नणंदबाई चंपूवन्सं शिळफाट्याहून येऊन म्हणतील. म्हणू देत. त्यांनी मालतीबद्दल जे जे म्हटले त्याला मी आजवर मान डोलावली, यापुढे डोलवायला मी नसेन.

कलम ३. माझे भरतकामाचे सामान: लाकडी चौकटी दोन, सुयांची डबी, रेशमाच्या लडी, नमुन्यांची पुस्तके तीन आणि उरलेली दुसुती. हे सूनबाईला द्यावे. तिची बोटे चांगली आहेत. पण देताना पुढचे सगळे वाचून दाखवावे.

मी दुसुतीवर फुलीच्या टाक्याचे काम करीत असे. तेही लोकांसाठी, आणि चोरून. रुखवतात मुलीच्या हातचे म्हणून जे मोर, हंस, राधाकृष्ण मांडतात, व्याही मंडळी ज्याच्यावरून मुलीची पारख करतात, त्यातले कर्जत-खालापूरकडचे किती माझ्या हातचे होते ते मी सांगणार नाही. त्या मुली आपापल्या घरी सुखाने नांदताहेत. मांडवात मी अक्षता टाकायला जाई, आणि विहीणबाई म्हणायच्या, "काय बाई हात आहे मुलीचा!" मुलगी खाली मान घालायची. मीही घालायची. तेव्हा मला त्याची गंमत वाटे.

सकाळी स्वयंपाक, यांचा कचेरीचा डबा, सासूबाईंचे सोवळ्याचे पाणी, पोरांच्या शाळा, आणि मधे सापडेल तेवढे टाके. एकदा हळदीचे बोट एका पांढऱ्या हंसाला लागले. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत पिवळी छटा भरून घेतली, तर लोकांना तो फारच आवडला. माझ्या हातचे पिठले करपले नाही असा आठवडा जात नसे. हे कधी बोलले नाहीत. भात गार, आमटी खारट, तरी जेवून उठायचे आणि म्हणायचे, "मोर झाला का?" मला त्याचा अभिमान होता, खोटे कशाला सांगू. घरात मला द्वारका म्हणून कोणी विचारीत नव्हते. कामात विचारीत होते.

या कामात मोजणी असते. कापडाची घरे मोजत जायचे, तांबडी सात, काळी दोन, पुन्हा तांबडी. एक घर चुकले तर चोच डोळ्यात जाते आणि ओळीच्या ओळी उसवाव्या लागतात. म्हणून मी घरात नियम केला की आई मोजत असताना हाक मारायची नाही. मोरू नि मालती बिचारी दारात येऊन बोट वर करून उभी राहायची. ओळ संपली की मी बघायची. हे सुद्धा कचेरीतून आले की खाकरून पायरीवर थांबायचे. सगळे घर मी असे दारात उभे करून ठेवले होते.

कलम ४. शके १८४४ च्या फाल्गुनातली गोष्ट. खालापूरच्या एका घरचे लग्न चार दिवसांवर आले होते. मोरांची जोडी त्याच दिवशी त्यांचा गडी न्यायला येणार होता आणि एका मोराचा पिसारा अर्धा राहिला होता. सासूबाईंना पाच दिवस ताप होता. त्या माजघरात निजून होत्या. आजारातही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. शाळेच्या कपड्यांत मुलांनी त्यांना शिवायचे नाही, हा त्यांचा दंडक आणि तो पाळून घेणारी मी. त्याच आठवड्यात मालती चुकून शिवली म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. नऊ वर्षांची होती.

दुपारी मालती शाळेतून आली. मी पडवीतून, मान वर न करता, सांगितले, "आजीजवळ बैस. लांब बैस." ती बसली. थोड्या वेळाने आजी पाणी मागू लागली. आजीला शिवायची बंदी, मला हाक मारायची बंदी. पोरीने काय करावे? ती पडवीच्या दाराशी आली आणि बोट वर करून उभी राहिली. मी पाहिले नाही.

मग तिने नियम मोडला. "आई," म्हणाली. मी पंजा दाखवून थांबवले. "आई गं," म्हणाली. मी मोठ्याने आकडा म्हटला, "एकोणतीस," म्हणजे तिला कळावे. मग ती ओरडली, "आई, आजी कसंतरी करतेय, ये ना!" आणि मी, देवाशप्पथ सांगते, मी म्हटले, "मेले, ओळ संपू दे." पिसाऱ्याची ओळ. सव्वीस घरे उरली होती.

ओळ संपवून आत गेले तेव्हा सासूबाईंचा हात खाटेखाली लोंबत होता आणि फुलपात्र उपडे झाले होते. तोंडात शेवटचे पाणी पडले नाही. ज्या बाईने मला चौदाव्या वर्षापासून वागवले, माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझी धुणी धुतली, ती घरात माणसे असून कोरड्या तोंडाने गेली.

संध्याकाळी चंपूवन्सं आल्या. आईच्या पायाशी रडता रडता त्यांनी विचारले, "पाणी कुणी घातलं?" मग मालतीकडे वळून, "तू होतीस ना जवळ? मग हाक का नाही मारलीस आईला?" मालतीने माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. मी म्हटले, "मला कुणी हाक मारली नाही."

एवढेच पाच शब्द. लोक ज्या मुलींनी टाका घातला नाही त्यांना माझ्यामुळे शाबासकी देत होते, आणि माझ्या मुलीने जे केले नाही त्याचा दोष मी तिच्या पदरात टाकला. मोर वेळेवर गेला. रुखवतात तोच वाखाणला गेला असे कळले. मी त्यानंतर सुई हातात धरली नाही. लोकांना वाटले, सासूच्या दुःखाने.

कलम ५. ठमी भ्रतार नवशा, राहणार भिवपुरीच्या वरची ठाकूरवाडी, ही त्या दिवशी लाकडाची मोळी घेऊन परसात आली होती. तिने सगळे ऐकले होते. तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "बाई, पोरीनं हाक मारली व्हती. मी आयकली ना." मी तिला नवे लुगडे दिले आणि म्हटले, "तुला काय कळतंय गं आमच्यातलं? गप्प बस." तिने लुगडे पायरीवर ठेवले आणि गेली. लाकडे मात्र आणीत राहिली.

तेव्हापासून चंपूवन्संनी मालतीला नाव पाडले, मुकी. "मुकीला बोलवा पानं वाढायला." पोर खरेच कमी बोलू लागली. तीन वर्षांपूर्वी हे गेले. मालती सासरहून, खालापूरहून धावत आली, गंगेचे भांडे उचलले, तर वन्संनी तिच्या हातातून काढून घेतले. म्हणाल्या, "एकदा चुकलीस तेवढं पुरे." मी शेजारी उभी होते. मला वाचा होती. मी ती वापरली नाही.

याहून वाईट अजून आहे. गेल्या भाऊबीजेला मालती आली होती. तिला चार वर्षांची मुलगी आहे. तिने "आई" म्हटले की मालती हातातले असेल ते टाकून पळते, चुलीवर दूध उतू जात असले तरी. सासरी सगळे हसतात म्हणे. मी म्हटले, "अगं, जरा दमानं." तर माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी मी का गं नाही हाक मारली तुला? मारायला हवी होती ना?"

माझ्या खोट्याने तिची आठवणसुद्धा खाऊन टाकली होती. मला लाज वाटते म्हणणे फार थोडे आहे. तरीही मी काय बोलले? "लहान होतीस गं." बस. मला माझ्या तोंडाची शिसारी आली.

कलम ६. चंपूवन्संना माझे पितळी तबक व अत्तरदाणी द्यावी. त्यांचा माझ्यावर राग असेल तर तो रास्त आहे. तेरा वर्षे तो चुकीच्या माणसावर निघाला. त्यांना हात जोडून एकच मागते. त्यांनी मालतीच्या हातचे पाणी एकदा प्यावे. मुकी हे नाव पुन्हा काढू नये.

कलम ७. हा कागद लखोट्यात बंद करून अण्णा वकिलांकडे ठेवावा, व माझ्या तेराव्याच्या दिवशी, चंपूवन्सं व सर्व नातलग यांच्यादेखत उघडून मोठ्याने वाचावा.

(वरील कलम ७ मी स्वतः खोडले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. कारण खाली.)

कलम ८. साक्षीसाठी ठमीला बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, हे अण्णांनी आधीच बजावले होते. मी ठमीला विचारले, परसामागची दोन गुंठे जागा घेतेस की साक्ष देतेस? ती म्हणाली, "जागा नगं. आंगठा देते." मग अण्णांनी सगळा मसुदा तिला वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे मेल्यावर वाचायचं?" मी हो म्हटले. म्हणाली, "मंग तुमी परत पडवीतच बसलाव की. पोर दारात उबी हाय, आन् तुमी म्हनताव, वळ संपू दे."

अण्णांनी तिला दटावले. मी त्यांना म्हटले, थांबा, आणि दौत मागितली.

म्हणून असे लिहिते की, हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मोरू आजच खोपोलीच्या गाडीने जाऊन मालतीला आणि येता येता शिळफाट्याहून चंपूवन्संना घेऊन येत आहे. घर-शेताची कलमे मी गेल्यावर लागू. कलम ३ ते ६ उद्या सकाळी माजघरात, सर्वांसमोर, मी स्वतः उभी राहून वाचणार. छाती दुखली तर दुखली. वाचता वाचता आवाज बसला तर पुढचे मोरूने वाचावे, पण एवढे एक वाक्य मीच म्हणेन, आणि म्हणता आले नाही तर ते इथे लिहून ठेवले आहे:

मालती, तू हाक मारली होतीस. तीनदा. मी तिन्ही ऐकल्या.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहिले. यापूर्वी कोणतेही केलेले नाही.

मुक्काम कर्जत, मार्गशीर्ष शुद्ध पक्ष, शके १८५८, धातानाम संवत्सर, तारीख २० डिसेंबर १९३६.

सही
द्वारकाबाई भ्र. हरी दिघे, दस्तुर खुद्द

साक्षीदार
१. वासुदेव ऊर्फ अण्णा फडणीस, वकील, कर्जत. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ७ ची खाडाखोड त्यांचीच.
२. निशाणी डाव्या हाताचा आंगठा, ठमी भ्र. नवशा, ठाकूरवाडी. बाईंनी हिच्यासमोर सही केली. त्या दिवशीची हाक आपण ऐकली होती, हेही लिहा असे हिने सांगितल्यावरून लिहिले.