शिआनच्या तटावरची सायकल

चैत्राली,

चीनमधल्या त्या शिआनच्या तटबंदीवर तू सायकल चालवतानाचा व्हिडिओ पाहिला, आणि माझं सगळं तिथेच संपलं. घंटाघराचे, मातीच्या सैनिकांचे फोटो मी कसेबसे गिळले होते. पण सीट धरून मागे धावणाऱ्या त्या मुलाला तू ओरडून म्हणालीस, "सोडलंस तर मारीन हं!"

इथे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेत सायकल शिकताना हेच मला म्हणायचीस. आता तर तुला मस्त येते, मीच शिकवली. तरी त्याला धरायला लावलंस.

शिआनला आपण दोघं जाणार होतो. कधी ते विचारलं, तर "आधी डिग्री तर घे, मूर्खा," एवढंच म्हणालीस, आणि मी तिरमिरीत कॉलेजच सोडलं.

तुझी सायकल अजून माझ्या खोलीत आहे. तुझ्या मैत्रिणीकडे, श्रुतीकडे ठेवून येतो. हे पत्र काही पाठवत नाही, टेबलावरच राहू दे. निघालो, दार ओढून घेतोय.

सारंग