चोंदलेलं नाक आणि जुना हॉप

झातेत्सजवळून, सप्टेंबर संपता संपता

प्रिय ओतमारराव यांस,

मेहुण्याचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि बिअरची पिंपं, दोन्ही कुरकुरत नसतील अशी आशा. इकडे आम्ही आहोत, म्हणजे उठतो, बसतो.

तुम्ही बिअर बनवणारे. आमच्या वेलाच्या बोंडांचा हा जुन्या जातीचा हॉप उकळीच्या अगदी शेवटी कढईत टाकला, वास सुटला, की तुमची वाहवा. (आधी टाकलात तर वास वाफेबरोबर जातो आणि शिव्या आम्हाला.) इथे मात्र हा वेल म्हणजे लाडावलेलं पोर. हाताने वळवल्याशिवाय तारेवर चढणार नाही, माव्याची कीड याच्यावर, भुरीचा रोग याच्यावर, आणि पीक शेजारच्या कडू जातीच्या हॉपच्या निम्मंसुद्धा नाही. तोडणीचे दिवस मोजके. ते ओळखायला बोंड तळव्यावर चोळून हुंगायचं. हे काम गावात माझ्या नाकाचं. आणि ऑगस्टात मला नेमकी सर्दी झाली.

आता ज्याचं नाक गावात नावाजलेलं, त्याने ते चोंदल्याचं सांगावं कसं? रोज बोंड चोळलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "अजून नाही." गाव माझी वाट पाहून कंटाळलं आणि आपापला हॉप तोडून मोकळं झालं. शेजारचा शिमोन कुंपणावरून म्हणाला, "हिनेक, तुझ्या मळ्यातून लसणीचा वास येतोय रे." मी म्हटलं, "तुझ्या घरी सूप शिजत असेल." सूप नव्हतं. हॉप जास्त पिकला की असाच वास मारतो, हे मला शेंबडा असल्यापासून ठाऊक आहे.

ब्लाजेना (तुमची बहीण, माझं नशीब) म्हणाली, "नाक बंद होतं, तोंड तर उघडं होतं ना? सांगायचं होतंस." तिने ठरवलंय, आजोबांपासून चालत आलेले हे वेल यंदा उपटायचे आणि कडू जात लावायची. तिचंच बरोबर आहे. मी थकलो. उपटू या.

आपला,
हिनेक

ता.क. वरचं सगळं ब्लाजेनाने वाचलंय. आता ती बदकांना दाणे टाकायला गेली आहे. ओतमारराव, पाया पडतो, रविवारी या आणि तिला सांगा की या हॉपशिवाय तुमची बिअर म्हणजे नुसतं कडू पाणी. तुमचं ती ऐकते. वेल गेले तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?

ता.क. दुसरा. दादा, मी ब्लाजेना. याला पाकीट चिकटवता येत नाही, म्हणून माझ्याकडेच दिलं. तू ये, आणि त्याने सांगितलंय तेच बोल. मी थोडी भांडून ऐकेन. वेल मी उपटणार नव्हतेच, रागात बोलले. पण परवा हा शिडीवर छाती धरून उभा होता. विचारलं तर म्हणाला, तार बघतोय. मला फार भीती वाटते रे. येताना गाडी आण. हॉपचे नमुने दाखवायला शहरात जातोय असं सांग, म्हणजे मुकाट्याने बसेल. आणि सरळ डॉक्टरच्या दारात उतरव.