कुठेही चालेल असा मुलगा

मस्कत
१३ जून २०२५

ती. दादास,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं आणि तू ते कपाटात ठेवलंस, हे रेवाने कळवलं. तुझी नात फितूर आहे हे लक्षात असू दे. तेव्हा फोनचा नाद सोडतो आणि पत्रच लिहितो. पूर्वा फोटो काढून पाठवेल आणि रेवा तुला छापून देईल.

बातमी मोठी आहे. आपला देवेश अमेरिकेत प्रोफेशनल टीममध्ये लागला. अजून कायम नाही, उन्हाळ्याच्या शिबिरापुरता. नव्वद मुलं घेतात आणि ऑगस्टअखेर त्रेपन्न ठेवतात, बाकीचे खलास. तू लगेच विचारशील, इंजिनिअरिंगला पाठवला होता ना? डिग्री झाली. पण शाळेत असताना इथे गोळाफेकीत सगळ्या मस्कतच्या पोरांना मागे टाकायचा, ते अंग तिथल्या कॉलेजच्या कोचच्या नजरेत भरलं आणि त्याने ह्याला मैदानात उतरवलं.

खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडू हातात. देवेश बचावाच्या पहिल्या फळीत असतो. समोर त्याच्यासारखेच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात. ती फोडायची आणि मागच्या चेंडूवाल्याला पाडायचं. तुझ्या कबड्डीत एकाला सात जण धरतात, इथे सातांना ढकलून एकाला धरायचं, एवढाच फरक समज.

आनंदाची गोष्ट पुढेच आहे. कोचने त्याला फळीच्या कडेला उभा केला, चालला. जरा आत सरकवला, चालला. अगदी मधोमध उभा केला, तिथेही चालला. कोच म्हणाला, हा मुलगा कुठेही चालतो. दादा, मला भरून आलं. माझ्याबद्दल ह्या कंपनीत इतकी वर्षं हेच म्हणतात. इलेक्ट्रिशियन म्हणून आलो, आज रुसैलच्या कारखान्यातले पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर मी बघतो आणि अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मदिनत सुलतान काबूसमधल्या बंगल्याचे एसीसुद्धा मीच बघतो. देवेशला सांगून ठेवलंय, सांगतील तिथे उभा राहा, नाही हा शब्द काढू नकोस. नाही म्हणणारा माणूस गल्फमध्ये टिकलेला मी पाहिला नाही.

वहिनींना नमस्कार, रेवाला खाऊचे आशीर्वाद. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, वाढवलीस तर हरकत नाही.

तुझा
धनंजय


देवरुख
२६ जून २०२५

चि. धनंजयास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. देवेशचं कळून छाती फुगली. तुझी वहिनी देवाला साखर ठेवून आली आणि येताना शेजारी सांगूनही आली, त्यामुळे आता सबंध आळीला वाटतं की पोरगा फुटबॉल खेळतो आणि गोलकीपर आहे. मी दुरुस्त करत बसलो नाही.

फक्त एक सांगतो, रागावू नकोस. मी शाळेत पोरांना कबड्डी शिकवण्यात जन्म घालवला. जो पोरगा कोपऱ्यातही चालायचा आणि मध्येही चालायचा, त्याला आम्ही फार जपायचो. जपून राखीव बसवायचो. कोणाचा घोटा मुरगळला की त्याला आत घालायचो, घोटा बरा झाला की बाहेर काढायचो. तोंडभर कौतुक मात्र त्याचंच करायचो, कारण कौतुकावर तो बसून राहायचा.

पोराला म्हणावं, एक जागा धर आणि ती अशी धर की तुझ्याशिवाय ती जागा कोणाला आठवू नये. तुझं म्हणशील तर तू त्या कंपनीतलं मीठ झाला आहेस. सगळ्यात लागतं, पण आजचा बेत काय विचारलं तर मीठ असं कोणी सांगत नाही.

बापलेकांनी प्रकृतीला जपावं. तुमचा लोभ आहे म्हणूनच इतकं तिखट लिहायची सोय आहे.

तुझा
दादा


मस्कत
२७ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं मिठाचं पुराण पूर्वाला वाचून दाखवलं. ती हसली, मी हसलो नाही. दादा, तुझी कबड्डी गावच्या मैदानावरची. इथे कोट्यवधी डॉलरचा खेळ आहे. तिथे कोच शब्द तोलून बोलतात.

शिबिर सुरू झालं. आधी त्याला सांगितलं, मध्ये खेळायचंय, वजन वाढव. पूर्वाने लगेच डिंकाचे लाडू वळले आणि अमेरिकेला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंच्या गळ्यात चार डबे घातले. लाडू पोचेपर्यंत कोचने त्याला कडेला नेलं आणि वजन उतरवायला सांगितलं. लाडू आता टीममधले बाकीचे खातात आणि त्यांची वजनं वाढतायत. ह्यातही देवेशचा टीमला उपयोगच झाला म्हणायचं.

आणखी दोन गोष्टी. इथल्या आपल्या मराठी मंडळाने गणपतीत आमच्या दोघांचा सत्कार ठरवला आहे, अष्टपैलू खेळाडूचे मातापिता म्हणून. अध्यक्षांना मी म्हटलं, टीम जाहीर होईपर्यंत थांबू या. ते म्हणाले, बॅनर छापायला गेला, आता इन्शाल्ला म्हणा. मी म्हटलं.

दुसरं म्हणजे आमच्याकडे मेंटेनन्स मॅनेजरची जागा रिकामी झाली. अर्ज माझा आणि राजीवचा. राजीवला पान्याची कुठली बाजू धरायची ते मी शिकवलं, त्यामुळे निकालाची काळजी नाही. तरी तू देवाजवळ एक शब्द टाक, मोठ्यांचं तो ऐकतो.

धाकट्याच्या उद्धटपणावर पांघरूण घालून लोभ असू द्यावा.

तुझा
धनंजय


मस्कत
८ ऑगस्ट २०२५

ती. भावोजींस,
पूर्वाचा सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे, म्हणून इकडचं तिकडचं न लिहिता मुद्द्याचं लिहिते.

देवेश ह्यांना फोन करतो तेव्हा सगळं मजेत असतं. मला करतो तेव्हा आधी जेवलीस का, झोपलीस का हेच विचारत राहतो. परवा म्हणाला की आई, मी सकाळी कडेला असतो, दुपारी आत, आणि संध्याकाळी कोणीतरी जेवायला गेलं की त्याच्या जागी. प्रत्येक जागेचे पाय वेगळे पडतात, हात वेगळे लागतात. एक अंगवळणी पडतं न पडतं तोच दुसरीकडे जा म्हणतात. मी विचारलं, तुला कुठे आवडतं. तर म्हणाला, मध्ये. तिथे दोन-दोन जण अंगावर येतात आणि टीव्हीवर कोणी दिसतही नाही, पण तिथे काम एवढंच, की हलायचं नाही.

भावोजी, तुम्हाला ठाऊकच आहे. हा मुलगा मस्कतमध्ये जन्मला, इथेच वाढला. एकवीसचा झाल्यावर आमच्या व्हिसावरून उतरला. आता स्वतःच्या घरी येतो तो टुरिस्ट व्हिसावर. त्याला न हलायची जागा आवडली, ह्यात मला नवल वाटलं नाही.

पण कोचला सांग म्हटलं तर म्हणतो, बाबांनी नाही म्हणायचं नाही असं सांगितलंय. ह्यांच्याशी बोलायची सोय नाही. मॅनेजरच्या जागेवर डोळे लावून बसलेत, दोन शर्ट नवे शिवून घेतले आहेत. तुम्ही देवेशला चार ओळी लिहा. तुमचं तो मानतो.

जाऊबाईंना नमस्कार. मोठेपणाने सांभाळून घेता, तसंच घेत राहावं.

आपली
सौ. पूर्वा


देवरुख
१४ ऑगस्ट २०२५

चि. देवेशला,
अनेक आशीर्वाद.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून थोडंच लिहितो. मधली जागा आवडते ना, मग कोचला जाऊन सांग. नम्रपणे सांग, पण सांग. म्हणावं, मला मध्ये ठेवा आणि तिथेच घडवा, वाटेल तेवढी मेहनत करतो. तो नाही म्हणाला तर म्हणू दे. विचारल्याशिवाय कोणी कोणाला जागा देत नाही.

बाबांना वाईट वाटेल ह्याची काळजी करू नकोस. त्याला समजवायला मी आहे, ते काम तो लहान असल्यापासून माझ्याकडेच आहे.

भरपूर जेव. आमची आठवण ठेव, काकूला फोटो पाठव.

तुझा
मोठा काका


मस्कत
३१ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न.

गणपतीच्या आदल्या दिवशी देवेशला काढलं. पहिल्या त्रेपन्नांत नाव नाही.

त्याच संध्याकाळी पूर्वाच्या फोनमध्ये तू देवेशला लिहिलेल्या पत्राचा फोटो पाहिला. मग माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. जो मुलगा दोन महिने मान खाली घालून हो म्हणत होता, त्याने ऐन शेवटच्या आठवड्यात कोचला जागा मागितली. का, तर देवरुखच्या मास्तरांनी सांगितलं. मी फोनवर विचारलं, तू कोचला काही बोललास का. तो नुसता गप्प राहिला. ते गप्प बसणं मी ओळखतो.

शुक्रवारी सत्कार झाला. निवड झाली नाही असं अध्यक्षांना मी आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, शाल आणलेली आहे. बॅनरवर अष्टपैलू हा शब्द देवेशच्या डोक्याएवढा होता. पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि मी दोन्ही हात जोडून उभा राहिलो. पूर्वा आलीच नाही, तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

मॅनेजरची जागा राजीवला मिळाली. अर्बाबांनी मला बोलावून फार गोड समजावलं. म्हणाले, तुम्ही सगळीकडे लागता, तुम्हाला एका खुर्चीत बसवून कंपनीचं कसं चालेल. शनिवारी त्यांच्या बंगल्यावर एसी बघायला बोलावलं होतं, जाऊन आलो.

माझं जे झालं ते झालं, त्याचं मला काही नाही. पण मुलाला मी वळणाला लावला होता. निदान त्याचं होत आलं होतं, ते तू घालवलंस. आता काही दिवस मला पत्र लिहू नकोस.

धनंजय


(देवेशने टाइप करून पाठवलेलं)
५ सप्टेंबर २०२५

ती. मोठे काका यांना,
सा. न. वि. वि. (आईने हे आधी लिहायला सांगितलं.)

माझी मराठी चुकली तर सॉरी. रेवा वाचताना हसेल, तिला हसू दे.

काका, तुमचं लेटर मला पंधरा तारखेलाच मिळालं होतं. पण तुमचं हँडरायटिंग मला येत नाही. मी ठरवलं की संडेला आईकडून फोनवर वाचून घेईन. मग मॅच आली, मग दुसरी प्रॅक्टिस आली, ते राहून गेलं. आईने ते मला वाचून दाखवलं तेव्हा मला काढून दोन दिवस झाले होते.

म्हणजे मी कोचला काहीच बोललो नव्हतो. बाबा सांगायचे तसं सगळ्याला हो म्हणालो. लास्ट दिवशी कोचने रूममध्ये बोलावलं. ते चांगले आहेत, त्यांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले की तू फळीतल्या चारही जागांवर दुसरा आहेस आणि प्रत्येक जागेवर माझ्याकडे पहिला आहे. तू कधी सांगितलं नाहीस तुला कुठे मोठं व्हायचंय, मला वाटलं तुला फरक पडत नाही.

मग तुमचं लेटर ऐकलं. दुसऱ्या दिवशी टीमने परत फोन केला, प्रॅक्टिसच्या ग्रुपमध्ये येतोस का. त्यात मॅच खेळायला मिळत नाही, पण टीमबरोबर राहून शिकता येतं. मी म्हणालो, येतो, पण फक्त मध्ये. माझा आवाज फाटला होता. कोच म्हणाले, फायनली. आता मी रोज मध्येच असतो. रोज मार खातो. छान वाटतं.

बाबांना मी ग्रुपचं अजून सांगितलं नाही, कारण मग ते सगळं विचारतील. त्यांना वाटतं तुमच्या लेटरमुळे मला काढलं. मी खरं सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात त्यांची ती पोस्ट गेली. मी सांगितलं तर ते मला सॉरी म्हणतील, आणि रडतील पण. मला बाबांचं सॉरी ऐकायचं नाही. ते सव्वीस वर्षं हो म्हणाले म्हणून मी इथपर्यंत आलो.

आईला विचारलं काय करू. ती म्हणाली काकांना विचार, ते जे सांगतील ते कर. तर काका, काय करू?

तुमचा
देवेश


देवरुख
९ सप्टेंबर २०२५

चि. धनंजयास,
अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितो आहे. मोठ्या भावाला एवढी मुभा असते.

तुझं म्हणणं बरोबर आहे. मी मध्ये तोंड घालायला नको होतं. गावच्या मैदानावरचं शहाणपण मी मोठ्या खेळात चालवायला गेलो आणि त्यात पोराची जागा गेली. माझं चुकलं. तुझ्या वहिनीनेही मला चांगलं फैलावर घेतलं आहे, तेव्हा तुझ्या वाटणीचं थोडं कमी बोललास तरी चालेल.

आता चांगली बातमी. देवेशचं मला पत्र आलं. टीमने त्याला सरावाच्या ग्रुपमध्ये परत घेतलं. तुला सांगायला तो लाजतो आहे, कारण पहिल्या यादीत नाव नाही. मी त्याला कळवलं आहे की आज रात्री बापाला फोन कर. त्याला फार खोदून विचारू नकोस. परत का घेतलं म्हणशील, तर उन्हाळाभर पडेल ते काम त्याने तोंडातून ब्र न काढता केलं, ते कोचच्या लक्षात राहिलं. तू लावलेलं वळण कामी आलं. माझा सल्ला त्याने ह्यापुढे ऐकू नये, असं मीच त्याला लिहिलं आहे.

शाल कपाटात टाकली असशील तर काढून ठेव, थंडीत उपयोगी पडेल. पूर्वाची डोकेदुखी थांबली का, ते कळव.

एक मात्र मी अनुभवाने सांगतो. मुलगा तुझ्यावर गेला आहे. दुसऱ्याचा भार उचलतो आणि बोलत नाही. असा मुलगा ज्याच्या पोटी आला त्याला कुठली खुर्ची मिळाली नाही, ह्याचं मला तरी काही वाटत नाही.

राग ओसरायची घाई करू नकोस. फक्त तो पत्रातून कळवत जा, म्हणजे तुझं अक्षर तरी बघायला मिळेल.

तुझा
दादा